पाच लिटरचा फवारणी पंप: आठ महिने वापरल्यावर

जूनमध्ये घेतलेला हा पंप सप्टेंबरात पहिल्यांदा बंद पडला. पावसाने दोन दिवस उघडीप दिली म्हणून घाईघाईने डाळिंबांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना यांचं बुरशीवरचं मिश्रण, मारायला घेतलं होतं. खटका दाबला तो दाबलेलाच राहिला. निळं पाणी हातमोज्यावरून थेट कोपरापर्यंत ओघळलं. हाताने हवा भरायचा 480 रुपयांचा साधा पंप आहे. हे पंप कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी मुख्यतः त्याच्या स्प्रिंगबद्दलच लिहिणार आहे.

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरामागे दोन डाळिंबं, एक सीताफळ, एक लिंबू आणि कुंपणालगत बोर आहे. एवढ्याला पाच लिटरचा पंप पुरतो. पाठीवरचा सोळा लिटरचा घेऊन मला काय शेत फवारायचं नाही.

दुकानात गेले तर पहिलाच प्रश्न, "मावशी, मोरचूद मारला ना? मग वॉरंटीत बसत नाही." खोक्यावर तर 'सर्व औषधांसाठी' असं छापलंय! दोन खेपा घातल्या, रिक्षाचेच शंभरच्या वर गेले. कंपनीच्या फोनवर "फोटो पाठवा" एवढंच उत्तर. ज्या गावात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, ज्या गावच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे विकला जाणारा पंप मोरचूद सहन करत नसेल तर तो विकताच कशाला? तेव्हा मी याला एकच तारा देणार होते.

मग घरीच स्क्रू काढून खटका उघडला. आतली स्प्रिंग करंगळीच्या पेराएवढी. दोन वेढे झिजून तुटलेले, आणि उरलेली स्प्रिंग चिंचेने घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी तांबडी लखलखत होती. ती हातात धरून मी बराच वेळ पायरीवर बसले. बोर्डो तयार झालं की त्यात लोखंडी खिळा किंवा सुरी मिनिटभर बुडवायची. तांबडा थर चढला तर मिश्रणात मोकळं तांबं उरलंय, अजून चुना घालायचा. ही परीक्षा मला माहीत होती, मी करत नव्हते. माझ्या पंपातली स्प्रिंग जून महिन्यापासून तेच सांगत होती.

चूक चुन्यात होती. रंगकामातला उरलेला, दोन वर्षं उघड्या पिशवीत पडलेला चुना मी वापरत होते, कारण वीस रुपये वाचत होते. हवा लागलेला चुना निकामी होत जातो. ऑगस्टमध्ये डाळिंबाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या तेव्हा मला करपा रोग वाढलाय असं वाटलं आणि मी आणखी एक फवारा मारला. मोकळ्या तांब्याने ती पानं मीच जाळत होते. याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझं मत बदललं, पण सगळं नाही. स्टेनलेसची स्प्रिंग घालायला कंपनीला कितीसा खर्च आला असता? मला ती शेगडी दुरुस्तीवाल्याकडे 15 रुपयांत मिळाली.

आता 5 लिटरला 50 ग्रॅम मोरचूद आणि 50 ग्रॅम ताजा कळीचा चुना घेते. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत भिजवते, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतते, खिळा बुडवून बघते आणि जुन्या सुती साडीच्या दुहेरी फडक्यातून गाळते. पंपाच्या तोंडाला जाळी नाही, त्यामुळे न गाळता भरलं तर नोझल तुंबणारच. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. शेवटी दोनदा साध्या पाण्याने पंप चालवायचा. नळाला रोज पाणी येत नाही, तरी त्यासाठी मी एक बादली राखून ठेवते.

खरा आनंद बोराने दिला. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बोरावर भुरी येते, वाटाण्याएवढी फळं पिठात लोळल्यासारखी पांढरी होऊन गळतात. पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, फळ धरताना एकदा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा, उन्हं उतरल्यावर मारलं. कडक उन्हात गंधक पानं भाजतं, आपल्याकडचा उन्हाळा तर विचारूच नका. फवारा धुक्यासारखा बारीक पडतो, नोझल वर वळवलं की पानाची खालची बाजूही भिजते. एप्रिलमध्ये बोर छाटलं होतं म्हणून पंप शेंड्यापर्यंत पोचला, नाहीतर डोक्याच्या फारसा वर तो जात नाही.

सीताफळाला मात्र पंपाचा काही उपयोग झाला नाही. फांदीवरच काळी पडून वाळलेली फळं हाताने काढून जाळावी लागतात, बुरशी त्यांच्यातच दबा धरून बसते. मी ते उशिरा केलं. खोडाला बोर्डो पेस्टही ब्रशनेच लावली. आणि डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे, गंधक मारून तो जात नाही. शेजारच्या वहिनींनी तोच प्रयोग चालवला होता, त्यांना थांबवलं.

संक्रांतीच्या सुगडात या वर्षी घरची बोरं पडली. रथसप्तमीच्या आत नातवाचं बोरन्हाण झालं, त्यातली एकही विकतची नव्हती. त्याच्या डोक्यावरून घरंगळलेलं एक बोर त्याने उचलून तोंडात घातलं. सुनेने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, खाऊ दे, धुतलेलं आहे.

पंपाला तीन तारे. स्प्रिंग चांगली असती तर साडेचार दिले असते.