'ऑस्कर पॅकेज'चं कोटेशन: कुठल्या ओळीला पैसे मोजावेत, कुठलीवर काट मारावी

मराठी चित्रपटाला सेन्सॉरचं सर्टिफिकेट मिळालं, एक-दोन महोत्सवांत टाळ्या पडल्या, की निर्मात्याच्या मेलवर हमखास एक कोटेशन येतं. 'अवॉर्ड कॅम्पेन', 'ऑस्कर पॅकेज', नाव काहीही असो, आतल्या ओळी त्याच: डीसीपी (थिएटरात दाखवायची सिनेमाची डिजिटल प्रत), सबटायटल, फॉर्म भरणं, मतदारांपर्यंत वैयक्तिक पोहोच, भेटवस्तू, लॉस एंजेलिसमध्ये स्क्रीनिंग आणि डिनर, शेवटी पीआर. कुण्या एका कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण ही कोटेशनं एकमेकांवरून उतरवल्यासारखी असतात. म्हणून इथं परीक्षण आहे ते या सेवेचं, आणि माप लावलंय ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या प्रचार-नियमांचं.

मत आधीच सांगून टाकतो. पाचपैकी दोन तारे, आणि ते दोन्ही डीसीपी-सबटायटलचे. बाकीच्या ओळींतल्या निम्म्या नियमात बसत नाहीत. उरलेल्या निम्म्या कंपनीच्या हातातच नसतात, मग ती विकते काय?

सगळ्यात महाग ओळ असते 'मतदारांपर्यंत वैयक्तिक पोहोच'. ऑस्करचे मतदार साधारण दहा हजार. त्यांचे मेल पत्ते असे कुणाच्या हाती देत नाहीत. मेल जातो तो अकॅडमीनं मान्यता दिलेल्या मेलिंग कंपनीतूनच, आणि तोही एका चित्रपटासाठी आठवड्याला एकच. मेलमध्ये काय चालतं? चित्रपटाचं नाव, कालावधी, कलाकार-तंत्रज्ञ, स्क्रीनिंगची तारीख, वेळ, पत्ता, ट्रेलरची लिंक. काय चालत नाही? 'आमच्यासारख्या छोट्या गावच्या माणसांनी पोटाला चिमटा काढून केलेला सिनेमा आहे, एकदा बघाच, आपला नम्र' आणि खाली सही. आपल्याकडे पत्राचा शेवट असाच करायची सवय, पण तिकडे ही वैयक्तिक गळ समजली जाते. फोन तर अजिबात नाही. 'लिंक मिळाली का हो?' एवढं विचारायला केलेला फोनसुद्धा प्रचारात धरला जायचा, तसं नियमांत शब्दांत लिहून ठेवलेलं होतं.

हे नियम कागदावरच राहतात, असं एजंट सांगतात, पण तसं नाही. २०१४ मध्ये ब्रूस ब्रॉटन या संगीतकाराचं गाण्यासाठीचं नामांकन काढून घेतलं. ते अकॅडमीच्या संगीत शाखेत पदावर राहिलेले, आणि त्यांनी शाखेतल्याच सदस्यांना मेल केले होते. २०१७ मध्ये ग्रेग रसेल या ध्वनिमिश्रकाचं नामांकन फोनवरून प्रचार केला म्हणून गेलं. २०१० ची गोष्ट तर मजेशीर. 'द हर्ट लॉकर'चे एक निर्माते निकोला शार्तिए यांनी मेल केला, की आम्हाला मत द्या, त्या पन्नास कोटी डॉलरच्या सिनेमाला नको. त्यांना सोहळ्याला यायला बंदी झाली, आणि त्या रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्यांच्याच सिनेमाला मिळाला. दुसऱ्याच्या सिनेमाकडे बोट दाखवून आपला मोठा करणं हे नियमांत स्पष्ट निषिद्ध आहे, नाव घेतलं तर प्रश्नच मिटला.

२०२३ मध्ये 'टू लेस्ली'मधल्या अँड्रिया राइजबरो यांच्या नामांकनावरून वाद झाला. नामांकन राहिलं, पण त्याच वर्षी अकॅडमीनं नियम नव्यानं लिहून काढले. त्यातलं आपल्या कामाचं कलम खासगी बैठकांचं आहे. सदस्यानं आपल्या घरी आपल्या खर्चानं मित्र जमवले आणि सिनेमा पाहिला, तर तो त्याचा खासगी मामला. पण त्या बैठकीत चित्रपटाच्या माणसांचा पैसा, आखणी किंवा शिफारस असेल, तर ती खासगी राहत नाही, सगळे प्रचाराचे नियम तिला लागतात. सदस्यांनी समाजमाध्यमांवर आपलं मत कुणाला ते सांगणं, इतरांना मत द्या किंवा देऊ नका म्हणणं, हेही बंद. तेव्हा 'आमचे अकॅडमीतले मित्र तुमच्यासाठी पोस्ट टाकतील' हे वाक्य कोटेशनमध्ये असलं, तर ती सेवा नसून धोका आहे. शिक्षा साध्या ताकिदीपासून सुरू होते आणि नामांकन रद्द होण्यापर्यंत जाते. सदस्याचं सदस्यत्वही जाऊ शकतं.

भेटवस्तूंची ओळ वाचायला मोठी गोड असते: 'कल्चरल गिफ्ट हॅम्पर', त्यात कोल्हापुरी चप्पल, गुळाची ढेप, कुठं कुठं साजसुद्धा. चप्पल कितीही अस्सल असो, मतदाराच्या दारात गेली की गडबड. त्यात २०२१ पासून अकॅडमीनं मतदारांना टपालानं काहीही पाठवणं बंद केलंय. डीव्हीडी नाही, गाण्यांची सीडी नाही, छापील पटकथा नाही, कागदी आमंत्रणपत्रिकाही नाही. कोटेशनमध्ये अजून 'स्क्रीनर डीव्हीडी, इतक्या हजार प्रती' अशी ओळ असेल, तर समोरच्यानं जुनीच फाइल नाव बदलून पाठवलीय हे ओळखावं. आमच्या मते कंपनी पारखायची सगळ्यात स्वस्त चाचणी हीच.

डिनरचंही तसंच. नामांकनं जाहीर झाल्यावर नियम आवळतात आणि नामांकित सिनेमाच्या गौरवासाठी सदस्यांना जेवणावळीला बोलावता येत नाही. तांबडा-पांढरा रस्सा लॉस एंजेलिसला उकळवायची हौस असलीच, तर ती प्रचाराच्या खर्चात धरू नये.

मग मतदार सिनेमा पाहतात कुठं? अकॅडमी स्क्रीनिंग रूम नावाच्या अकॅडमीच्याच स्ट्रीमिंग सेवेवर. ती २०१९ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हा सर्वसाधारण विभागात, म्हणजे देशाच्या निवडीशिवाय थेट, सिनेमा चढवायचं शुल्क १२,५०० डॉलर होतं. चालू वर्षाचा आकडा पोर्टलवरून थेट घ्यावा आणि पैसे थेट अकॅडमीला भरावेत. कोटेशनमध्ये हे शुल्क 'प्लॅटफॉर्म चार्जेस' म्हणून घुसवून वर टक्केवारी लावलेली असते. ९८व्या पुरस्कारांपासून आणखी एक बदल झालाय. अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नामांकित सिनेमे पाहिलेले असावे लागतात. म्हणजे मतदाराच्या मागे लागण्यापेक्षा सिनेमा त्याला नीट दिसेल, नीट वाचता येईल, याला किंमत आली.

इथं कोटेशनच्या कामाच्या ओळी येतात. सबटायटलचा सर्वसाधारण शिरस्ता असा: एका ओळीत ४२ अक्षरं, एका वेळी फार तर दोन ओळी, आणि एक सबटायटल पडद्यावर जास्तीत जास्त सात सेकंद. आपल्या संवादांचा वेग पाहता सगळं शब्दशः उतरवायला गेलं की वाचणारा धापा टाकतो. चौकात दोघं तावातावानं भांडत असतील, तर दहा शब्दांच्या वाक्याचे इंग्रजीत पाच व्हायला हवेत. ते काम माणसाचं. मशीनवरून काढून 'प्रूफ केलं' म्हणणाऱ्यांकडून आधी भांडणाचा, गाण्याचा आणि कुजबुजीचा असे तीन प्रसंग नमुन्याला करून घ्यावेत, आणि ते मराठी न समजणाऱ्या माणसाला दाखवावेत.

दुसरी चूक फ्रेमरेटची, आणि ती हमखास होते. सबटायटल सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या फाइलवर बसवलेली असतात आणि डीसीपी निघतो २४ चा. फरक हजारात एक, पण दोन तासांच्या सिनेमात शेवटाला सबटायटल सात सेकंद सरकलेलं असतं. चित्रीकरण २५ वर झालं असेल तर गोंधळ मोठा. २४ वर संथ केलं की १२० मिनिटांचा सिनेमा १२५ मिनिटांचा होतो, आणि जुनी सबटायटल फाइल पहिल्या तासाच्या शेवटीच अडीच मिनिटं चुकते. सुरुवातीची दहा मिनिटं तपासून 'ओके' म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. तपासणी शेवटच्या रिळापासून करावी.

डीसीपीच्या चित्राचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला २५० मेगाबिट. त्या हिशेबानं दोन तासांचा सिनेमा २२५ जीबीपर्यंत जाऊ शकतो, प्रत्यक्षात बरेचदा कमी भरतो. १५० जीबीची फाइल ४० एमबीपीएस अपलोडवर चढवायला सव्वाआठ-साडेआठ तास लागतात, तेही लाइन मध्येच बसली नाही तर. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसातून शेवटच्या रात्री हा प्रयोग करू नये. मुदत लॉस एंजेलिसच्या संध्याकाळी पाचची असेल, तर ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसहा. डीसीपी कुलूपबंद असेल तर केडीएम, म्हणजे ते उघडायची डिजिटल किल्ली, त्या त्या सर्व्हरचा आणि त्या त्या मुदतीचा असतो. स्क्रीनिंग एक दिवस पुढं गेलं आणि केडीएम नवा काढला नाही, तर पडदा काळाच राहतो.

'भारताची अधिकृत प्रवेशिका मिळवून देऊ' ही ओळ दिसली तर फोन ठेवून द्यावा. आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठीची ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती करते. २०२४ मध्ये तिच्यापुढे २९ चित्रपट होते आणि गेला एकच. मराठीतून 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' या दारानं गेले, आणि 'श्वास'च्या वेळी प्रचारासाठी लोकवर्गणी निघाली होती. या विभागासाठी चित्रपटगृहात तिकीट लावून सलग सात दिवस खेळ व्हावे लागतात. कोल्हापुरातलं थिएटरही चालेल, फक्त जाहिरात आणि डीसीआर (रोजच्या गल्ल्याचे अहवाल) जपून ठेवावेत. शाहू स्मारकला ठेवलेला मोफत खेळ, कितीही गर्दीचा असो, यात धरला जात नाही. लघुपटांचं दार निराळं: मान्यताप्राप्त महोत्सवातलं पारितोषिक हा तिथला नेहमीचा रस्ता, लांबी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांच्या आत.

दुसरा रस्ता सर्वसाधारण विभागाचा. अमेरिकेतल्या सहा ठरलेल्या महानगर भागांपैकी एकात सात दिवस, रोज किमान तीन खेळ, त्यातला एक संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान. हे पैसे टाकून होतं, म्हणून एजंटांना हाच रस्ता आवडतो. इतकं झालं आणि अर्ज बरोबर असला की सिनेमा पात्र चित्रपटांच्या यादीत येतो. ९७व्या पुरस्कारांच्या वेळी त्या यादीत ३२३ चित्रपट होते. आणि दुसऱ्या दिवशी दसरा चौकात फ्लेक्स लागतो: 'ऑस्करसाठी निवड', बाजूला सोनेरी बाहुली. ती निवड नव्हे, पात्रता आहे. आंतरराष्ट्रीय विभागात आधी १५ ची छाननी यादी लागते, मग पाच नामांकनं. शिवाय बाहुली आणि 'ऑस्कर' हे नाव दोन्ही अकॅडमीचे नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत, फ्लेक्सवाल्याला ते माहीत असायचं कारण नाही, पण पीआरचं बिल लावणाऱ्याला असायला हवं.

कोटेशन घ्यायचंच तर ओळीनुसार दर मागावेत, एकगठ्ठा आकडा घेऊ नये. शेवटचा हप्ता मास्टर फाइल, चित्रावर न कोरलेली, सुटी सबटायटल फाइल आणि केडीएम काढायचा अधिकार हातात आल्यावर द्यावा. या तीन गोष्टी त्यांच्याकडेच राहिल्या, तर पुढच्या प्रत्येक महोत्सवाला त्यांच्या दारात जावं लागतं. आणि करारात एक कलम आपण होऊन घालावं: कंपनीच्या माणसानं प्रचाराचा नियम मोडल्यामुळे चित्रपटावर कारवाई झाली, तर घेतलेली सगळी रक्कम परत. या कलमावर सही करायला समोरचा का-कू करू लागला, तर फक्त डीसीपी आणि सबटायटलचं काम द्यावं, तेही नमुना पाहून.