हायब्रिड गाडीला एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? जवळपास तीन वर्षांच्या वापरानंतरचा अनुभव

टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी गाडी मी पुण्यात गेली जवळपास तीन वर्षे चालवत आहे. मूळ वॉरंटीची मुदत संपत आली, तेव्हा आणखी दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची की नाही, हा प्रश्न समोर आला आणि बऱ्याच विचारानंतर मी ती घेतली. ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी बहुतेकांनी पहिला शब्द बॅटरीचाच काढला. बॅटरी गेली तर लाखांचा खर्च, म्हणून वॉरंटी घ्याच, असा एकूण सूर होता. वॉरंटी घ्यावी हा सल्ला माझ्या बाबतीत योग्य ठरला, परंतु त्यामागचे कारण मात्र मला पटलेले नाही.

हायब्रिड बॅटरीवर कंपनीची ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तितकी, वॉरंटी मुळातच असते आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. उरलेल्या गाडीची मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटरची असून ती पैसे भरून ५ वर्षे किंवा २,२०,००० किलोमीटरपर्यंत वाढवता येते. म्हणजे वाढीव वॉरंटीचा काळ हा चौथ्या आणि पाचव्या वर्षाचा आहे, आणि १,६०,००० किलोमीटर ओलांडले नसतील तर त्या दोन्ही वर्षांत बॅटरी आधीच सुरक्षित आहे. बॅटरीच्या काळजीने एक्स्टेंडेड वॉरंटी घेणारा माणूस एकाच गोष्टीचे पैसे दुसऱ्यांदा मोजत असतो.

मग नेमके कशासाठी पैसे भरायचे? या गाडीतली लिथियम-आयन बॅटरी केवळ ०.७६ किलोवॅट-तासांची, सुमारे १७८ व्होल्टची आहे. तिच्याभोवती जी यंत्रणा उभी आहे, ती अधिक महाग आणि अधिक गुंतागुंतीची आहे. बॅटरीतल्या विजेवर मोटर चालवणारा इन्व्हर्टर, त्याला थंड ठेवणारा स्वतंत्र कूलंट पंप, इंजिन बंद असतानाही एसी चालू ठेवणारा विजेवरचा कॉम्प्रेसर आणि ब्रेकचा दाब मोटर व कॅलिपर (चाकांवरचे ब्रेक) यांच्यात वाटून देणारा इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर, हे चार भाग मी माझ्या यादीत सर्वांत वर ठेवले. यांतला एकही भाग आठ वर्षांच्या बॅटरी वॉरंटीत बसत नाही. वर्कशॉपमध्ये मी यांच्या सुट्या भागांच्या किमती विचारल्या, तेव्हा यांपैकी एखादा मोठा भाग बदलायची वेळ आली तर वाढीव वॉरंटीची पूर्ण रक्कम त्यातच वसूल होते, हे स्पष्ट झाले. ही रक्कम माझ्या गाडीच्या ऑन-रोड किमतीच्या दोन टक्क्यांच्या आत होती, १८ टक्के जीएसटी धरून.

इन्व्हर्टरचा धोका निव्वळ काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस या हायब्रिड गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या (रिकॉल) होत्या. इन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरमुळे त्यातले ट्रान्झिस्टर जास्त तापू शकत होते, हे त्याचे कारण होते. अर्थात असा रिकॉल जाहीर झाला की दुरुस्ती वॉरंटीशिवायही विनामूल्य होते. मात्र रिकॉलमध्ये न बसणारा एकटादुकटा बिघाड मालकाच्याच खिशातून जातो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या गाडीत क्लच नाही, नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. तिच्या गिअरबॉक्सचे ई-सीव्हीटी हे नाव ऐकून पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स डोळ्यांसमोर येतो, पण आत प्लॅनेटरी गिअरचा, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या गिअरचा, संच आहे आणि ही रचना १९९७ मध्ये जपानात आलेल्या पहिल्या प्रियसपासून मूळ तत्त्वात तीच राहिली आहे. ब्रेक पॅडची झीज माझ्या आधीच्या पेट्रोल गाडीपेक्षा स्पष्टपणे कमी आहे, कारण वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते. ताम्हिणी घाट उतरताना हे फार चांगले कळते. वरून निघताना बॅटरीचा आलेख निम्म्यावर असतो, काही वळणांतच तो शिगोशीग भरतो आणि मग गिअर लिव्हर ‘बी’वर (उतारावर इंजिनाने वेग रोखण्याच्या स्थितीत) ठेवला की ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिनाचा आवाज चढतो. बॅटरीत जागा नसल्यामुळे जास्तीची ऊर्जा इंजिन फिरवण्यात खर्च होत असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो बिघाड वाटतो, पण ते यंत्रणेचे नेहमीचे वागणे आहे. शहरात मला लिटरला बावीस-तेवीस किलोमीटर मिळतात. प्रमाणित आकडा २७.९७ चा आहे, तो माझ्या वापरात कधी आला नाही, तरी हिंजवडीच्या कोंडीत इतके मिळणे मला समाधानकारक वाटते. या सर्व काळात गाडी कधी रस्त्यात अडली नाही.

इतकी विश्वासार्ह यंत्रणा असताना वॉरंटीवर खर्च का करावा, असे कोणी विचारले तर माझे उत्तर गाडीच्या दर्जाशी फारसे संबंधित नाही. पेट्रोल गाडीची वॉरंटी संपली की आपण ओळखीच्या गॅरेजात जातो आणि निम्म्या खर्चात काम होते. माझ्या भागातले मेस्त्री अनुभवी आहेत, सस्पेन्शन आणि ब्रेकचे काम त्यांच्याकडेच द्यावे असे. मी त्यांना बॉनेट उघडून दाखवले, तेव्हा त्यांनी केशरी आवरणाच्या जाड केबलकडे बोट दाखवून सांगितले, “दादा, याला मी हात लावणार नाही.” त्यांचे म्हणणे योग्यच आहे. हाय व्होल्टेज यंत्रणेला हात घालण्यापूर्वी तिचा वीजप्रवाह तोडण्याचे प्रशिक्षण, विद्युतरोधक हातमोजे आणि निदानाचे सॉफ्टवेअर लागते. पुण्यासारख्या शहरात ही स्थिती आहे, तर तालुक्याच्या गावी आज तरी पर्याय जवळजवळ नाहीच. म्हणजे वॉरंटी संपल्यानंतरही अधिकृत वर्कशॉपच्याच दरात दुरुस्ती करावी लागणार. माझ्या दृष्टीने वाढीव वॉरंटी घेण्याचे हे सर्वांत वजनदार कारण आहे.

आता कोणी घेऊ नये, तेही सांगतो. जो दर तीन-साडेतीन वर्षांनी गाडी बदलतो, त्याला तिचा उपयोग फार थोडा. माझी गाडी वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास धावते आणि मी ती आठ-दहा वर्षे ठेवणार आहे, त्यामुळे माझ्यासाठी किलोमीटरपेक्षा वर्षांची मर्यादा आधी येते. महिन्याला तीन हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे गणित उलटे आहे. त्याचे एक लाख किलोमीटर तिसरे वर्ष संपण्यापूर्वीच पूर्ण होतात आणि २,२०,००० ची वाढीव मर्यादा त्याच्या खऱ्या उपयोगाची ठरते. मारुतीच्या ग्रँड व्हिटाराची हायब्रिड यंत्रणा हीच आहे आणि ती गाडीही कर्नाटकातल्या बिडदीच्या टोयोटा कारखान्यातच तयार होते, पण तिची मूळ वॉरंटी आधी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर होती आणि जुलै २०२४ मध्ये ती ३ वर्षे किंवा १,००,००० करण्यात आली. सुरुवातीच्या काळात ती गाडी घेतलेल्यांनी आपली मुदत कोणत्या नियमाने मोजली जाते, हे कागदावर पाहून घेणे आवश्यक आहे.

एक भेद फार काळजीपूर्वक पाहावा लागतो. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ या नावाखाली कंपनीची योजनाही विकली जाते आणि एखाद्या तिसऱ्याच संस्थेची किंवा विमा कंपनीची योजनाही. मला दुसऱ्या प्रकारची एक योजना कमी दरात देऊ केली गेली होती. तिची कलमे वाचली तेव्हा एका दाव्याला रकमेची कमाल मर्यादा होती आणि हायब्रिड यंत्रणेतले भाग वगळलेल्यांच्या यादीत होते. ज्या भागांसाठी वॉरंटी घ्यायची तेच वगळलेले असतील, तर ती कितीही स्वस्त असली तरी निरुपयोगी आहे.

कंपनीच्या योजनेतही सर्व काही येत नाही. टायर, वायपर, ब्रेक पॅड यांसारखी झीज होणारी वस्तू आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी यांची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये. उंदरांनी वायर कुरतडणे किंवा गाडीत पाणी शिरणे हे विम्याचे विषय आहेत. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पुराचे पाणी शिरून उभ्या गाड्या बुडाल्या होत्या. अशा नुकसानीत वॉरंटी कामाला येत नाही, तिथे विम्याची योग्य ॲड-ऑन (जादा संरक्षण) लागते. बाहेरून वायर कापून बसवलेला कॅमेरा किंवा दिवा हेही दावा नाकारण्याचे नेहमीचे कारण आहे.

देखभालीची एक लहानशी गोष्ट इथे महत्त्वाची आहे. हायब्रिड बॅटरी केबिनमधल्या हवेने थंड होते आणि त्या हवेच्या वाटेवर फिल्टर असतो. सर्व्हिसच्या वेळी मी तो समोर उघडायला लावला. बारीक राखाडी धुळीचा थर, त्यात मागच्या सीटवरच्या चादरीचे धागे, असे त्याचे रूप होते. साफ करायला फार वेळ लागला नाही, पण ही जाळी तुंबली तर पंखा जास्त वेगाने फिरत राहतो आणि बॅटरी तापते. हे काम झाल्याची नोंद जॉब कार्डवर लिहून घेतली, कारण दाव्याच्या वेळी सर्व्हिसच्या नोंदी सर्वप्रथम मागितल्या जातात.

वाढीव वॉरंटी मूळ मुदत चालू असतानाच घ्यावी लागते आणि जितका उशीर, तितकी किंमत वाढते. मी थांबलो ते तीन वर्षांत गाडीचा स्वभाव कळावा म्हणून, आणि त्यासाठी द्यावा लागलेला फरक मला परवडणारा होता. पैसे भरल्यावर मिळालेल्या प्रमाणपत्रावरचा चॅसी क्रमांक आरसीशी ताडून पाहावा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख तपासावी आणि गाडी विकल्यास ही वॉरंटी नव्या मालकाच्या नावे कशी होते, ते तिथेच विचारून घ्यावे.