पुस्तकात छापलेली छोटी लिंक: वर्षभराच्या वापरानंतर

पुस्तक स्वतःच छापून स्वतःच विकणाऱ्यांसाठी लिहिते आहे. लिंक छोटी करून तिचे क्लिक मोजून देणारी एक परदेशी सेवा मी गेलं वर्षभर मोफत योजनेवर वापरते आहे. तिचीच लिंक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर क्यूआर कोड (मोबाईलने स्कॅन करायचा चौकोन) करून छापली होती. डॅशबोर्ड, म्हणजे क्लिकचे आकडे दाखवणारं पान, कसा दिसतो वगैरे तुम्हाला माहीत असेलच, थेट मुद्द्यावर येते.

मागच्या महिन्यात साताऱ्याहून एका वाचक बाईंचा फोन आला. "ताई, शेवटच्या पानावरचा कोड स्कॅन केला तर कसलीशी जाहिरात येते. दाबू का पुढे? खात्यातले पैसे तर जाणार नाहीत ना?" स्कॅन करून बघितलं, तर खरंच. कंपनीने मोफत खात्यांच्या लिंकआड एक मधलं पान आणून बसवलंय. वर भलीमोठी जाहिरात, खाली बारीक अक्षरात 'पुढे जा'. फेसबुकवरची लिंक दोन मिनिटांत बदलता येते; पाचशे प्रतींत छापलेला कोड कसा बदलणार? सपोर्टला तीनतीनदा लिहिलं, उत्तर एकच: सशुल्क योजना घ्या. तीही डॉलरमध्ये, दरमहा. एका प्रतीमागे माझ्या हाती साठ-सत्तर रुपये उरतात. माझ्याच पुस्तकातून माझंच पान उघडायला मी भाडं भरणार नाही.

राग येण्याचं कारण म्हणजे सुरुवातीला याच सेवेवर मी बेहद्द खूश होते. वेबपानाचा देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते, 'क' या एका अक्षराची नऊ चिन्हं! तो त्रास संपला. शिवाय व्हॉट्सॲप, फेसबुक आणि पुस्तक यांच्या वेगळ्या लिंक केल्यावर कळलं की लाइक फेसबुकवर पडतात, पण पुढच्या पुस्तकाचा मागणीअर्ज भरतात ते छापील कोडवरून आलेले. म्हणजे नेमका तोच रस्ता यांनी अडवला.

आकड्यांवरचा विश्वासही हळूहळू उडाला. लिंक ग्रुपवर टाकल्या टाकल्या क्लिक दिसायचे. लिंकखाली चित्र आणि मथळा दाखवण्यासाठी व्हॉट्सॲप, फेसबुक, टेलिग्राम आधी स्वतः पानावर जाऊन येतात, आणि ही सेवा त्या यांत्रिक फेऱ्याही वाचक म्हणून मोजते. माझ्या साइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये त्याच दिवशीच्या भेटी कितीतरी कमी. शहरांचा रकाना तर सोडूनच द्या. मोबाईल नेटवर्कमुळे तालुक्याच्या गावचा वाचक सर्रास मुंबई-पुण्यात दिसतो; त्यावरून कार्यक्रम कुठे घ्यायचा ते ठरवू नका.

आता दुसऱ्या आवृत्तीत स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे स्वतःच्या नावावर घेतलेल्या वेबपत्त्याचा, कोड छापते आहे. डोमेनला वर्षाला हजाराच्या आतबाहेर खर्च, आणि साधा क्यूआर कोड फुकट बनतो. त्यात फक्त पत्ता असतो, त्यामुळे त्याला मुदत नसते. तो पत्ता पुढे दुसऱ्या पानाकडे वळवताना ३०२ रीडायरेक्ट (तात्पुरतं वळण) ठेवा. ३०१ (कायमचं वळण) ठेवलं तर ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि त्याच वाचकाची पुढची भेट वळणावरच्या मोजणीत येत नाही. कुठून आले ते कळण्यासाठी शेवटी उघडणाऱ्या पानाच्या पत्त्याला यूटीएमची शेपटी (वाचक कुठून आला ते सांगणारी खूण) जोडली की ॲनालिटिक्समध्ये पुस्तक वेगळं दिसतं. मोठ्या कंपनीवरही विसंबू नका. खुद्द गूगलने लिंक छोटी करण्याच्या आपल्या सेवेत नव्या छोट्या लिंक देणं २०१९ मध्ये बंद केलं.

शिल्लक प्रतींवर नव्या कोडचे स्टिकर लावणं सुरू आहे. विकलेल्या प्रती वाचकांकडे आहेत, म्हणून जुनं मोफत खातं बंद करत नाही. ते बंद केलं तर जाहिरातीआडून का होईना, उघडणारं पानही जाईल.