"मोडीतली कुणबी नोंद काढून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

कुणबी जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ जुळवून देतो, पडताळणी होईपर्यंत जबाबदारी आमची, असं सांगून आधी आगाऊ रक्कम घेतली जाते. मग हातात पडतात तीन कागद: कोतवाल बुकातल्या (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतल्या) पानाची झेरॉक्स, तिचं टाइप केलेलं लिप्यंतर आणि प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ. घरात मोडी कुणालाच येत नाही, म्हणून कागद खरा मानला जातो.

बहुतेक वेळा नोंद खरी असते, माणूस मात्र आपला नसतो. जुन्या जन्म-मृत्यू नोंदीत "रामा बिन गणू" (गणूचा मुलगा रामा) एवढंच नाव आणि त्यापुढे जातीची नोंद असते, आडनाव बऱ्याचदा नसतंच. एका गावात असे तीन-तीन रामा सापडतात. एजंट त्यातला "कु" (म्हणजे कुणबी) लिहिलेला रामा उचलतो आणि वंशावळीत तुमच्या पणजोबांच्या डोक्यावर बसवतो. नक्कल खरी आणि शिक्काही खरा, त्यामुळे संशय येत नाही. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मात्र विचारतं, हा रामा तुमचा कशावरून? तेव्हा दाखवायला काहीच नसतं.

म्हणून शोध स्वतःपासून मागे न्यायचा. आधी आपला, वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला. मग सातबारा, आणि त्यावरच्या फेरफार क्रमांकावरून वारसाचा फेरफार (जमीन वारसांच्या नावे झाल्याची नोंद). हा कागद सोन्यासारखा जपा: मयत कोण, कधी वारला, वारस किती, सगळं त्यात येतं. मृत्यूची तारीख गाव नमुना 14, म्हणजे त्याच जन्म-मृत्यू नोंदवहीतल्या नोंदीशी ताडून बघा. ज्या रामाचा मृत्यू 1921 ला नोंदला आहे, तोच 1934 च्या फेरफारात जमीन विकताना दिसला, तर ती दोन वेगळी माणसं आहेत. गट नंबर पडण्याआधीचा सर्वे नंबर जमीन एकत्रीकरणाच्या पत्रकातून काढा. माणसांची नावं सारखी निघतात, पण एका गावात एका सर्वे नंबरची जमीन एकच असते.

दुसरी लबाडी लिप्यंतरात. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. जाणकारही काही अक्षरांपुढे प्रश्नचिन्ह टाकतो. एकही शंका नसलेलं गुळगुळीत लिप्यंतर आलं, तर त्याच पानाचा फोटो दुसऱ्या वाचकाला द्या. आपलं आडनाव आणि काय हवंय ते मात्र त्याला सांगू नका.

तिसरी लबाडी म्हणजे मागाहून घुसवलेलं अक्षर. ही झेरॉक्सवर कळत नाही, मूळ वही उजेडात तिरकी धरून बघावी लागते. बोरूची (वेताच्या लेखणीची) शाई बुडवल्यावर गडद असते, तीन-चार शब्दांत फिकट होते, पुन्हा गडद होते. मोडी लिहिणारा आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ मारतो आणि अक्षरं तिच्याखाली लिहीत जातो. नंतर घातलेला "कु" फिकट शब्दांच्या मधोमध एकट्याने गडद दिसतो, शिरोरेघेला नीट चिकटत नाही, आणि त्याच्या रेघेत बोरूचा जाड-बारीकपणा नसतो.

जुनी सनद म्हणून काही विकलं, तर आधी सन तपासा. "सबैन मया व अलफ" म्हणजे सुहूर (मराठेशाहीतल्या कागदांवरची अरबी आकड्यांची कालगणना) 1170, इसवी 1769-70. त्याच कागदावर शके 1712 असेल तर तो इसवी 1790 चा झाला. असा कागद घेऊ नका.

मूळ वही तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. प्रमाणित नक्कल तिथे अर्ज करून स्वतः काढा. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये आणि पानाला 2 रुपये लागतात. 2023 पासून बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन केलेल्या कुणबी नोंदीही आहेत. तीच पानं एजंट हजारोंना विकतात.

पैसे देऊन बसला असाल, तरी ते कागद समितीपुढे मांडू नका. प्रतिज्ञापत्रावर सही तुमची आहे, आणि 2001 च्या जातप्रमाणपत्र कायद्यात खोट्या माहितीवर दाखला घेणाऱ्यालाही शिक्षा आहे. एजंटचे मेसेज, पैसे दिल्याचा पुरावा आणि त्याने दिलेली झेरॉक्स जपून ठेवून पोलिसांत तक्रार द्या. रक्कम ऑनलाइन गेली असेल तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.