वाशीतली कोलन हायड्रोथेरपी: खोली स्वच्छ, चौकशी शून्य

सासूबाईंना बद्धकोष्ठतेचा जुना त्रास. शेजारणीच्या आग्रहावरून त्यांना वाशीच्या एका निसर्गोपचार केंद्रात कोलन हायड्रोथेरपीसाठी, म्हणजे गुदद्वारातून नळीने पाणी सोडून मोठं आतडं धुण्यासाठी, नेलं. स्वच्छतेबद्दल तक्रार नाही. नळीचं सीलबंद पाकीट आमच्यासमोर फोडलं, चादर धुतलेली होती. मदतनीस बाईंनी पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिलं, ते मला फार आवडलं.

पण चौकशी? मी वॉर्डात सिस्टर होते. साधा एनिमा द्यायचा तरी किडनी, हृदय, मूळव्याध, पोटाचं ऑपरेशन हे सगळं आधी विचारायचं असतं. इथे फॉर्मवर नाव, वय आणि पॅकेज. सासूबाईंचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं आहे हे मीच सांगितलं, तर उत्तर आलं, "काही होत नाही मॅडम, टॉक्सिन निघतील." अहो, किडनीच्या पेशंटच्या आतड्यातून एवढं पाणी फिरवलं तर सोडियम-पोटॅशियम बिघडू शकतं. नळीने आतड्याला भोक पडल्याच्याही नोंदी आहेत. आणि वर्षानुवर्षं चिकटलेल्या मळाचं ते भिंतीवरचं चित्र! कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून तपासताना, तसं काही दिसत नाही. आतड्याचं अस्तर काही दिवसांतच नवं होत असतं.

आम्ही तिथूनच उठलो. पैसे परत मागितले तर फेशियलचं कुपन हातात ठेवलं. आता सासूबाई डॉक्टरांनी लिहून दिलेलं लॅक्टुलोज हे शौच मऊ करणारं औषध रात्री घेतात, पोट बरं साफ होतं.

किडनीचा, हृदयाचा आजार किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) असेल तर या वाटेला जाऊ नका. शौचातून रक्त जात असेल तर आधी पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.