जुनं मॅच एअर पिस्तूल घेऊन दुरुस्त करायचंय? स्प्रिंग, सिंगल स्ट्रोक, सीओटू आणि पीसीपी, चौघांची तुलना

दहा मीटर एअर पिस्तूल सुरू करायचंय, नव्या मॅच पिस्तुलाची किंमत बघून डोळे पांढरे झालेत, आणि आता कुठल्यातरी क्लबने काढून टाकलेलं किंवा वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं जुनं पिस्तूल स्वस्तात समोर आलंय, तर घ्यावं का नको? माझं मत म्हणाल तर घ्यावं, पण कुठलं ते बघून. मऊ शिशाच्या पेलेटने (छर्ऱ्याने) आणि एवढ्याशा स्पीडला मॅच पिस्तुलाची नळी सहसा झिजत नाही, आतून गंज लागला नसेल तर ती तुमच्याआमच्यापेक्षा जास्त टिकेल. जातं ते सील, ओ-रिंग, स्प्रिंग, आणि गॅसवाल्यांमध्ये सिलिंडर. त्यामुळे पिस्तूल किती जुनं आहे यापेक्षा त्यातला जो भाग जातो तो आज मिळतो का आणि तो घरच्या टेबलावर बदलता येतो का, हे बघायचं. (लायसन्स, वय वगैरेचे नियम ज्याने त्याने आपापल्या ठिकाणचे बघून घ्या.)

स्प्रिंगवाल्यांपासून सुरू करू, म्हणजे ज्यात स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि त्यानेच हवा दाबली जाते. यातलं नाव काढण्यासारखं म्हणजे फाइनवेर्कबाउ ६५, १९६० च्या दशकातलं डिझाइन, बाजूचा लिव्हर ओढून कॉक करायचं (स्प्रिंग दाबून तयार ठेवायचं) आणि फायर झाल्यावर वरचा सगळा भाग रुळावर मागे सरकतो, त्यामुळे हाताला झटका जवळजवळ येतच नाही. ट्रिगरला ५०० ग्रॅम आणि १३६० ग्रॅम अशी दोन वजनं (तो ओढायला लागणारा जोर) निवडायची सोय आहे, जी आजच्या बऱ्याच पिस्तुलांतही नाही. बाहेरून काहीही भरायचं नाही, पंप नको, बाटली नको. पण जुन्या प्लास्टिक सीलचा एक त्रास असतो, ते सील वापरून झिजत नाही, नुसतं पडून पडून कुजतं. फायर केल्यावर आवाज कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा आला, पेलेट कागदावर खूप खाली लागली, किंवा नळीतून पिवळसर-तपकिरी चुरा बाहेर पडला की समजायचं सील गेलं. असं पिस्तूल आणखी फायर करून बघायचं नाही, कारण पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आदळत असतो. सील स्वस्त आहे, काम मात्र तेवढं सोपं नाही, स्प्रिंग दाबाखाली असते, ती सुटताना हात तोंड समोर नको, आणि स्लेजची (त्या रुळावर सरकणाऱ्या भागाची) जुळणी नीट कळत नसेल तर जाणकाराकडेच द्या. आणखी एक, बाजूच्या लिव्हरवाल्या कुठल्याही स्प्रिंग पिस्तुलात पेलेट घालताना लिव्हर दुसऱ्या हाताने धरून ठेवायचा, जुना सीअर (कॉक झाल्यावर अडवून धरणारा खटका) कधी सटकला तर बोट आत असतं.

सिंगल स्ट्रोक म्हणजे एकदा लिव्हर फिरवला की एका शॉटपुरती हवा दाबली जाते, बस. बैकल आयझेडएच ४६ आणि ४६एम, वाल्थर एलपी ३, फाइनवेर्कबाउ १०० आणि १०२ ही या घराण्यातली. माझा कल सरळ इकडे आहे. आत मोठी स्प्रिंग उसळत नाही त्यामुळे झटका नाही, दर वेळी तेवढीच हवा दाबली जाते म्हणून शॉट एकसारखे, आणि बिघाड झालाच तर बहुतेक वेळा ओ-रिंग नाहीतर ब्रीचचं (नळीच्या मागच्या, पेलेट घालायच्या तोंडाचं) सील. दोन्ही रबराचे तुकडे. बघायला जाल तेव्हा ही टेस्ट करा: लिव्हर बंद करून लगेच एक शॉट, मग परत लिव्हर बंद करून मिनिटभर थांबून दुसरा, दोन्ही एकाच जागी लागले तर सील शाबूत. दुसरा खाली लागला किंवा थांबल्यावर फुस्स असा बारीक आवाज येत राहिला तर हवा गळतेय, आणि तेवढ्यावरून किंमत पाडून मागायला हरकत नाही. काही वेळा पिस्तूल फक्त कोरडं पडलेलं असतं, सिलिकॉन ऑइलचे एकदोन थेंब सीलला लावून पाचदहा वेळा पंप केल्यावर ते शुद्धीवर येतं. पेट्रोलियमवालं कुठलंही स्प्रे तेल मात्र आत मारू नका, काही रबर त्याने फुगतं.

आयझेडएचबद्दल थोडं जास्त लिहितो कारण स्वस्तात हेच जास्त करून बघायला मिळतं. फिनिशिंग ओबडधोबड, लाकडी मूठ बहुतेकांच्या हाताला बसत नाही, पण नळी खरंच चांगली आणि ट्रिगर ॲडजस्ट करायला भरपूर वाव. ब्रीच उघडून बंद केलं की हवा न भरता ट्रिगरचा सराव करता येतो, म्हणजे घरी भिंतीसमोर ड्राय फायरचा तास पिस्तुलाला न दुखवता होतो. (स्प्रिंगवाल्यात असं रिकामं फायर चुकूनही नको.) यातलं खरं दुखणं म्हणजे खांदा. मॅचमध्ये ६० शॉट, ७५ मिनिटं, त्याआधीचे साइटिंगचे (नेम जुळवायचे) वेगळे, आणि प्रत्येक शॉटला तो लांब लिव्हर पुढे नेऊन मागे आणायचा. शेवटच्या वीस शॉटला हात थरथरायला लागतो, त्यात ज्याचं मनगट नाहीतर खांदा आधीच कुरकुरतोय त्याने किंवा लहान मुलासाठी घेणाऱ्याने हे आधी दहापंधरा वेळा पंप करून बघावं आणि मगच ठरवावं.

आता सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी. कागदावर सगळ्यात आकर्षक वाटतात, कारण जुनी स्टायर एलपी १ किंवा फाइनवेर्कबाउची सी मालिका म्हणजे त्या काळातली टॉपची पिस्तुलं, ट्रिगर अप्रतिम, आणि पडीक भावात मिळतात. पडीक भावात का मिळतात ते बघा ना. एक तर तापमान. सीओटूचा दाब २० डिग्रीला साधारण ५७ बार, ३० डिग्रीला ७० च्या वर जातो, म्हणजे सकाळी साइट लावली आणि दुपारी रेंज तापली की ग्रुप (शॉटचा पुंजका) वरखाली सरकणार, आणि ३१ डिग्रीच्या पुढे तर तो द्रव म्हणून राहतच नाही. दुसरं, भरण्याची कटकट: छोटं सिलिंडर थंड करायचं, मोठ्या बाटलीतून भरायचं, वजन काट्यावर बघायचं, जास्त भरलं तर उन्हात दाब धोक्याच्या पातळीला जातो. आणि तिसरं, सिलिंडरची मुदत. त्यावर तारीख कोरलेली असते, बऱ्याच कंपन्या १० वर्षंच देतात, आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात सिलिंडर मुदतीत असणं ही शूटरची जबाबदारी आहे. जुन्या मॉडेलचं नवीन सिलिंडर मिळत नसेल तर ते सुंदर पिस्तूल शोकेसमध्येच ठेवायचं. एअरवर बदलायचं कन्व्हर्जन काही मॉडेलना निघालं होतं, ते आधीच बसवलेलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर मी या वाटेला जाणार नाही.

पीसीपी म्हणजे २०० बारपर्यंत भरलेली साधी हवा, मध्ये दाब कमी करून सारखा ठेवणारा रेग्युलेटर, आज मॅचमध्ये जवळपास सगळे हेच वापरतात. जुनं घ्यायचं तर सगळ्यात आधी सिलिंडरवरची तारीख वाचा, पिस्तुलाकडे नंतर बघा. तारीख संपलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत पिस्तुलाच्या भावात मिळवून हिशोब करा, बऱ्याचदा तिथेच "स्वस्त" हा शब्द गळून पडतो. मग रेग्युलेटर: पंधरावीस मिनिटं ठेवून दिल्यावर पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जागी जात असेल तर रेग्युलेटरमधून दाब हळूहळू पुढे सरकतोय, ते काम घरी करायचं नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवालं असेल तर सर्किटचाही भरवसा बघा. हातपंप किंवा डायव्हिंगची टाकी यांचा खर्च वेगळा. पण हे सगळं जमत असेल, तारीख लांबची असेल, तर खांदा आणि निकाल दोन्हीसाठी हेच सरस, यात वाद नाही.

नवीन स्वस्त स्प्रिंग पिस्तूल घ्यावं का, असंही विचारतात लोक. मॅचसाठी नको. ट्रिगर जड, झटका जोरात, साइट प्लास्टिकची, आणि बॉक्सवर स्पीड मोठ्या अक्षरात. दहा मीटरला स्पीडचं काय करायचंय, सेकंदाला १३०-१४० मीटर भरपूर झाले, फक्त प्रत्येक शॉटला सारखे हवेत.

सुधारणा करायच्या त्या चारही प्रकारांत जवळपास सारख्याच आहेत आणि त्यात पहिला खर्च मुठीवर करा. लाकडी मूठ जिथे टोचते तिथे थोडीथोडी घासायची, जिथे पोकळ वाटते तिथे इपॉक्सी पुटी लावून ओली असतानाच हाताला पातळ ग्लोव्ह घालून पकडायची, वाळली की परत घासायची. डोळे मिटून पिस्तूल उचला, डोळे उघडल्यावर फ्रंट साइट मागच्या खाचेत आपोआप मध्ये दिसली पाहिजे, तोपर्यंत घासकाम चालू ठेवा. पाम शेल्फ (मुठीच्या तळाशी हात टेकवायची फळी) ९० अंशापेक्षा कमी कोनात हाताला लपेटलं तर कंट्रोलवाले (मॅचसाठी पिस्तूल तपासणारे) परत पाठवतील. एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत आणि ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे, हे पुटीचा डोंगर उभा करण्याआधी लक्षात ठेवा.

ट्रिगरला आधी नुसतं साफ करा. वीस वर्षांचं ग्रीस डिंकासारखं झालेलं असतं आणि लोक त्यालाच "ट्रिगर खराब" म्हणतात. सीअर पॉलिश पेपरने घासायच्या फंदात पडू नका, वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की ट्रिगर कधी सुटेल याचा नेम नाही. वजन ५०० ग्रॅमच्या खाली चालत नाही, नळी उभी धरून ट्रिगरला अडकवलेलं वजन ट्रिगर न सुटता उचललं गेलं पाहिजे, म्हणून मी ५२० च्या आसपास ठेवतो, स्प्रिंग थोडी सैलावली तरी कंट्रोलला घाम फुटत नाही. ॲडजस्ट केल्यावर (स्प्रिंगवालं सोडून) न भरता कॉक करून नळी सुरक्षित दिशेला ठेवून मुठीच्या तळाला हाताने दोनचार थापा मारायच्या, सुटलं तर एन्गेजमेंट (सीअरची पकड) वाढवा.

आणि पेलेट सगळ्यात शेवटी. चपट्या तोंडाचे, ४.४९, ४.५० मिलिमीटर अशा हेड साइजचे (पेलेटच्या डोक्याच्या व्यासाचे) दोनतीन डबे आणा, पिस्तूल सँडबॅगवर टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच शॉट मारा. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर आहे, त्यात सहज मावणारा ग्रुप आला की पेलेट बदलणं थांबवायचं आणि उरलेले पैसे रेंजच्या फीला ठेवायचे.