शुगर-फ्री कोकम सरबत: चव ठीक, लेबल अपुरं

मालवण-रत्नागिरीच्या दुकानांत अमृत कोकमाच्या (साखरेतल्या कोकम सरबताच्या) शेजारी आता शुगर-फ्री बाटल्याही दिसतात. त्यातल्याच एका स्थानिक 700 मिलीच्या बाटलीबद्दल. रंग झकास, आंबटपणा अस्सल कोकमाचा. गोडी मात्र जिभेवर उशिरा येते आणि घोट गिळल्यावरही बराच वेळ रेंगाळते.

मागे बारीक अक्षरांत 955 आणि 950 आहे, म्हणजे सुक्रालोज आणि एसेसल्फेम-के, हे साखरेऐवजी घातलेले कृत्रिम गोडवे. सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड. एसेसल्फेमचा कडवटपणा झाकायला ही जोडी लावतात. अ‍ॅस्पार्टेम (951) हा तिसरा गोडवा नाही, हे बरं केलं. उन्हात तापलेल्या दुकानात ते हळूहळू फुटतं आणि गोडी ओसरते. जुलै 2023 मध्ये ते 'कर्करोगकारक असू शकेल' अशा 2बी गटात गेलं, तरी वजनाच्या किलोमागे रोज 40 मिलिग्रॅम ही मर्यादा तशीच ठेवली गेली. सुक्रालोजची मर्यादा 15, म्हणजे 15 किलोच्या मुलाला 225 मिलिग्रॅम. पण एका पेल्यात किती जातं, हे बाटलीवर कुठेच नाही! मग आईने हिशेब करायचा तरी कसा? मुलांना हे देऊच नये.

वजन उतरवायला म्हणून घेत असाल तर थांबा. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्येच त्यासाठी असे पदार्थ वापरू नका म्हटलंय.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी तर एक गोष्ट पक्की ठाऊक हवी. घाम फुटला, हात थरथरले, साखर उतरली, तर हे सरबत काही कामाचं नाही. तिथे साखरेचं पाणी किंवा साधं अमृत कोकमच लागतं. दोन्ही बाटल्या सारख्याच लाल, म्हणून वेगळ्या फळीवर ठेवा.

अमृत कोकम साखरेमुळे टिकतं. इथे ते काम सोडियम बेंझोएटवर (211) आहे, त्यामुळे उघडल्यावर बाटली फ्रिजमध्येच हवी. झाकण काढताना फस्स झालं किंवा वर फेस दिसला तर आंबलंय, ओतून द्या.

आम्ही ही बाटली पुन्हा घेणार नाही. बिनमिठाची 8-10 सोलं अर्धा लिटर पाण्यात दोन-तीन तास भिजवा, कुस्करून गाळा, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घाला. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरत असाल तर वरून मीठ नको, त्यात ते आधीच भरपूर असतं. रक्तदाब असेल तर सोलंच बरी.